चिकातला गहू

आमचा मळा नदीकाठी होता. गावात त्याला आमच्या आडनावानं कुणी ओळखत नसे. 'मळेवालीचा मळा' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवी. मळेवाली म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेले तेव्हा माझे मालक आणि भावजी दोघंही औताच्या रुमण्याएवढे होते. चुलत घरचे येऊन म्हणाले, जमीन वाट्यानं द्या, हे काही बाईमाणसाचं काम नव्हे. सासूबाई म्हणाल्या, "ओसरी दिली की लोक हातपाय पसरतात. माझं औत मी धरीन." आणि धरलं. मी त्या घरात आले तेव्हा त्यांचे तळहात बैलाच्या खुरासारखे झाले होते. कुणाच्या दारात त्या काही मागायला गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. मीठ संपलं तर त्या दिवशी अळणी जेवायचं.

नदीपलीकडच्या टेकड्यांवरून दर साली एक कळप खाली यायचा. त्याची मालकीण सासूबाईंच्याच वयाची, उंच, वाळक्या खोडासारखी. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाई तिला 'कळपवाले' अशी हाक मारत आणि ती सासूबाईंना 'मळेवाले' म्हणे. पीक निघालं की तिच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या. मेंढ्या जिथं रात्र काढतात तिथली माती पुढच्या साली ओळखू येत नाही, इतकी काळी होते. तिच्या लेंडीवर आमचं पीक आणि आमच्या धान्यावर तिचं घर, असा तो बिनबोलीचा करार. रात्रीला एक माप धान्य, तेही शीग लावून, काठाच्या वर टोक येईस्तोवर. मापताना दोघींची दरवर्षी ठरलेली चकमक व्हायची.

"मळेवाले, शीग सांडली बघ. तुझा हात कापायला लागला, म्हातारी झालीस."

"हात नाही कापत. तुझी नजर खाली लागलीय मापाला, तिनं सांडली."

मग दोघी गालातल्या गालात हसत. पण एकीनं दुसरीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलेलं मी पाहिलं नव्हतं. दोघींनाही उपकार नको असायचे.

नदीवर इंजिन आलं आणि सगळं बदललं. आमच्या शेजारच्या शेतकऱ्यानं ते बसवलं, तेव्हापासून त्याला पंपवाला म्हणायला लागले. त्याचं पाणी घेऊन आम्हीही पावसाळी पिकानंतर दुसरं पीक काढू लागलो. गहू. पाण्यापोटी त्याला पिकाचा चौथा हिस्सा. आता कळप यायचा तेव्हा रान मोकळं नसायचं, गहू उभा असायचा. कळप मग आमच्या आणि पंपवाल्याच्या शेतामधल्या वाटेनं नदीत उतरायचा आणि गहू निघेपर्यंत वाळूत पाल टाकून राहायचा.

ती वाट पूर्वी गाडीवाट होती. पण पंपवाला नांगरताना दरवेळी एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, वाटेत घ्यायचा. ते पाहून आमचे मालकही एक तास घेऊ लागले. "तो घेतो मग आपण काय देवळातले दगड आहोत?" असं ते म्हणत. होता होता वाटेची पायवाट झाली. सासूबाईंना हे दिसत होतं. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या साली टेकड्यांवरचं गवत लवकर वाळलं. वरच्या गावांनीही दुसऱ्या पिकापायी आपापल्या वाटा बंद केल्या होत्या, काटे लावले होते. चार दिशांनी हाकललेला कळप महिनाभर आधीच आमच्याकडे आला. आमचा गहू तेव्हा चिकात होता. चिकातला गहू म्हणजे ओंबी चिमटीत दाबली की दूध येतं, अजून दाणा झालेला नसतो. गव्हाचं ते सगळ्यात नाजूक वय. घरातल्या पहिलटकरणीसारखं त्याला जपायचं.

सकाळची वेळ होती. मी विहिरीवरून येत होते तेवढ्यात भावजींची आरोळी आली. पळत गेले. वाटेत एका वेळी एकच मेंढी मावत होती, आणि मागून दोनशे भुकेल्या मेंढ्या रेटत होत्या. एक पुढची घसरून गव्हात गेली. मेंढरांचं माहीतच आहे, एक गेलं की सगळी गेली. कळपवालीचे दोन्ही मुलगे ओरडत होते, काठ्या आपटत होते, पण भुकेनं मेंढ्या बहिऱ्या झाल्या होत्या. नुसता ओंब्या तोडल्याचा आवाज येत होता, कचकच कचकच. इतक्या वर्षांनी तो आवाज आजही माझ्या कानात आहे. नदीकडचा कोपरा त्यांनी बघता बघता लोळवला.

मालक, भावजी, पंपवाला, त्याचे गडी, सगळे धावले. काठीला काठी लागली. मालकांची काठी कळपवालीच्या धाकट्या मुलाच्या मनगटावर बसली आणि तो हात पोटाशी धरून खाली बसला. मग सगळ्यांनी मिळून मेंढ्या वळवल्या त्या थेट आमच्या खळ्यात घातल्या. खळ्याला कमरेएवढा दगडी गडगा होता. पंपवाल्यानं तोंडावर बाभळीची फांदी ओढली आणि हात झटकले.

"आता सोडायच्या नाहीत," तो म्हणाला. "भरपाई मिळेपर्यंत एक केस बाहेर जाता कामा नये. दरवर्षीचं दुखणं एकदाचं जाऊ दे."

थोड्या वेळानं कळपवाली आली. धावत नाही, नेहमीच्याच चालीनं. ती गडग्याबाहेर उभी राहिली, सासूबाई आत.

"नुकसान झालं," कळपवाली म्हणाली. "दिसतंय मला. सांग काय देऊ."

"माझा गहू दे."

"तो पोटात गेला. पोटातला गहू कसा परत देऊ?"

"मग मेंढ्या कशा परत देऊ?"

कळपवालीनं पदर खांद्यावर नीट केला. "मळेवाले, या वाटेनं माझी सासू कळप नेत होती. शेजारून गाडी जायची. आता ती वाट कुठाय, ते मला दाखव, मग मी तुझ्या गव्हाचं बघते."

"वाटेचं मला काय सांगता बाई?" पंपवाला मध्येच बोलला. "आकाशातून न्या मेंढ्या."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यंदा तुझ्या रानात फुकट बसवते. सगळा हंगाम. शीग नको, माप नको."

सासूबाईंची मान हलणार होती, मी जवळून पाहिलं. पण पंपवाला म्हणाला, "फुकट लेंडी घेऊन गहू उगवतो का चार दिवसांत? आणि हे बघा काकू, आज तुम्ही नमलात तर उद्या माझ्या शेतात घुसतील. मग मी पाणी कुणाला देऊ आणि कशाला देऊ?"

पाण्याचं नाव निघालं आणि सासूबाईंची मान तिथंच थांबली. गव्हाला अजून एक पाणी द्यायचं होतं, शेवटचं. ते चुकलं तर चिकातला दाणा चिमतो, नुसतं टरफल हाती येतं. आमचं वर्षाचं खाणं त्या एका पाण्यावर होतं.

"भरपाई आण आणि ने," सासूबाई म्हणाल्या.

"दोन दिवस लागतील. बाजारात कोकरं न्यावी लागतील." कळपवाली वळली, परत थांबली. "तोवर चारा-पाणी तुझ्याकडं."

"माझ्या दारात जनावर उपाशी राहत नाही."

"बघू की," ती म्हणाली आणि निघून गेली.

ते 'बघू की' सासूबाईंना लागलं. संध्याकाळपर्यंत आम्ही मेंढ्यांना भुसा घातला. आमच्या बैलांचा भुसा, चांगला पिवळाधमक. पण मेंढ्यांनी हुंगून तोंडं फिरवली. अनोळखी जागा, अनोळखी माणसं. रात्रभर त्या ओरडत राहिल्या आणि सकाळी पाण्याला जाणाऱ्या बायका गडग्यावरून माना काढून बघू लागल्या.

"अगं बाई, पोटं कशी पाठीला लागलीत."

"मळेवालीच्या दारात म्हणे उपाशी राहत नाही कुणी."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी विळा उचलला. "सूनबाई, चल."

मळ्याच्या वरच्या अंगाला बैलांसाठी लसूणघासाचा एक पट्टा होता. हिरवागार, गुडघ्याएवढा, फुलावर आलेला. बैलांना तो आम्ही मूठ-मूठ भुशात मिसळून घालायचो. सकाळचं दव अजून वाळलं नव्हतं, कापताना मनगटापर्यंत हात भिजले. आम्ही दोघींनी भारे बांधले आणि डोक्यावरून आणले. घासाचं पाणी गळून माझी पाठ ओली झाली.

भावजी म्हणाले, "आई, भुसा मिसळू का?"

"काही मिसळायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "नुसता हिरवा घाला. उद्या तिनं म्हणायला नको, मळेवालीनं भुसा खाऊ घातला म्हणून."

मेंढ्या तुटून पडल्या. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गडग्याबाहेरच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खा गं खा. असं जेवण तुमच्या मालकिणीच्या बापानं पाहिलं नसेल." आणखी चार भारे झाले. आमचा निम्मा पट्टा संपला.

दुपारी जेवून मी खरकटं टाकायला गेले तेव्हा खळं गप्प होतं. कालपासून ओरडणाऱ्या मेंढ्या गप्प. मी गडग्यावरून पाहिलं. एक मेंढी पाय फाकवून उभी होती, तोंड उघडं, जीभ बाहेर. तिची डावी कूस ढोलासारखी वर आली होती. तिच्यामागं दुसरी, तिसरी. माझ्यादेखत एक कलंडली आणि पाय झाडू लागली.

मी ओरडले. सगळे आले. सासूबाईंनी एका मेंढीच्या कुशीवर हात ठेवला, बोटानं टिचकी मारली. पोकळ आवाज आला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

पंपवालाही आला. त्यानं एक नजर टाकली. "बोलवू नका तिला. आली की म्हणेल, मुद्दाम मारल्या. खाटकाला बोलवा. मरायच्या आत सुरी फिरवली तर भरपाईही वसूल होईल."

मालक म्हणाले, "आई, मी जातो पालावर."

"तुझी काठी तिच्या पोराला लागलीय. तुला बघून ती आधी तेच बोलेल आणि तेवढ्यात दोन मरतील." सासूबाईंनी निऱ्या वर खोचल्या. "मी जाते."

त्या धावल्या. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. चप्पल शोधायला त्या थांबल्या नाहीत. नदीची वाळू भर दुपारची, तव्यासारखी तापलेली. त्यांचं पाऊल धड टेकत नव्हतं. मी मागं धावत होते, पण माझ्या आधी त्या पोचल्या.

कळपवाली पालाच्या सावलीत मुलाचं मनगट शेकत होती. तिनं मान वर केली.

सासूबाईंना धाप लागली होती. तरी एकेक शब्द सुटा सुटा बोलल्या. "कळपवाले, मेंढ्या फुगल्या. ओला घास मी घातला. माझ्या हातानं झालं. चल."

एवढंच. 'मला माहीत नव्हतं' नाही, 'तुझ्याच भल्यासाठी' नाही. मी आज सांगते, त्या वाळूवर उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंएवढं ताठ माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

कळपवालीनं मुलाचं मनगट सोडलं. तिनं पालाच्या कनातीतून बोरूच्या नळ्यांची जुडी ओढली, थोरल्या मुलाला हाक मारली आणि निघाली. परतताना दोघी बरोबर धावत होत्या.

खळ्यात शिरताच तिनं हुकूम सुरू केले. "तेल आण. गोडं तेल. जेवढं असेल तेवढं."

आमच्या घरात वर्षाचं तेल भरून ठेवलेला डबा होता. भावजींनी तो तसाच उचलून आणला. "काड्या आणा, अंगठ्याएवढ्या जाड. तोंडात आडव्या बांधा, कानामागून दोरी. चघळू द्या त्यांना. तोंड चालू राहिलं की वारा सुटतो. ए, तू पंपवाला ना? उभा काय राहिलास, पुढचे पाय धर आणि ओट्यावर ठेव. पुढचं अंग वर, मागचं खाली."

आणि पंपवाल्यानं धरले. तिचा आवाजच तसा होता.

सासूबाई बांबूच्या नळ्यानं तेल पाजत होत्या, मी मेंढी गुडघ्यात आवळून धरत होते. मेंढीच्या तोंडाचा कोमट फेस माझ्या कोपरापर्यंत आला होता. लोकर, शेण, तेल, घाम, सगळ्यांचा एकच वास. कळपवाली प्रत्येकीची कूस मुठीनं खालून वर चोळत फिरत होती आणि त्यांच्याशी बोलत होती.

"दे बाई दे, ढेकर दे. मळेवालीच्या घरचं जेवलीस, लाजतेस काय?"

एका मेंढीनं खरंच मोठी ढेकर दिली, आंबूस वाफ माझ्या तोंडावर आली. भावजींना हसू फुटलं. सासूबाईही तेलाच्या हातानं तोंड झाकून हसल्या. मग सगळे परत कामाला.

पण काहींना ढेकर येईना. त्यांचे डोळे फिरायला लागले. कळपवालीनं कमरेची सुरी काढली, पाती बघितली आणि चरफडली. "धार गेलीय. टोकदार काय आहे घरात?"

"दाभण आहे," मी म्हणाले. घरातली सगळी पोती मीच शिवायची. मी पळत जाऊन दाभण आणलं. तिनं माझा हात धरून एका मेंढीच्या डाव्या कुशीवर ठेवला. शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेच्या हाडाच्या पुढं जिथं फुगवटा सगळ्यात उंच होता तिथं.

"इथं. एका दमात. खाली तिरकं."

"मी?"

"माझे हात तेलानं निसटतात. तुझा हात कापत नाही, मघापासून बघतेय मी. पोत्यात घालतेस ना दाभण? तसंच घाल."

मी घातलं. कातडं जाड पोत्यासारखंच लागलं, मग एकदम सुटलं. तिनं दाभणाच्या कडेनं बोरूची नळी सरकवली आणि इंजिनाच्या नळीतून सुटावी तशी फुस्स करून हवा सुटली. घाण वास आला. मेंढीची कूस हळूहळू खाली बसली आणि तिनं कान हलवला. तो कान हलताना पाहून मला काय वाटलं ते मी कुणाला सांगू शकले नाही. पुढं मला मुलं झाली, नातवंडं झाली, तेव्हाचा आनंद वेगळा. हा माझ्या स्वतःच्या हाताचा होता. त्या दुपारी मी पाच मेंढ्यांना दाभण घातलं, चार वाचल्या.

ऊन कललं तेव्हा बाकीचा कळप उभा राहून रवंथ करत होता. सात मेंढ्या गेल्या. आमच्या मालकांनी आणि कळपवालीच्या थोरल्या मुलानं मिळून नदीच्या कडेला खड्डा खणला. आदल्या दिवशी एकमेकांवर काठ्या उगारलेले दोघं, आता एक पहारीनं खणत होता आणि दुसरा माती ओढत होता. धाकटा एका हातानं मेंढ्यांचे पाय धरून ओढत होता. मालकांनी त्याच्या मनगटाकडे पाहिलं आणि आपल्या डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या हाताला झोळी बांधली.

हातपाय धुऊन सगळे गडग्यापाशी टेकले. पंपवाला म्हणाला, "चला, झालं ते झालं. मेंढ्यांनी गहू खाल्ला, त्यातल्या सात मेल्या. फिट्टंफाट."

"फिट्टंफाट कशी?" सासूबाई म्हणाल्या. "गहू मेंढ्यांनी खाल्ला, त्यांना अक्कल नाही. मेंढ्या मी मारल्या, मला होती. बैलांना भुसा मिसळून देतो हे मला माहीत होतं. तरी नुसता हिरवा घातला, चारचौघींना दाखवायला."

"मळेवाले, तुझं तू बघ," कळपवाली म्हणाली. "पण गव्हाचं देणं माझ्यावर आहे. ते मी बुडवणार नाही. मेल्या मेंढ्यांच्या आड मी लपत नाही."

"आणि मी लोळलेल्या गव्हाच्या आड लपत नाही."

"मग घे तुझ्या गव्हाचं."

"आधी घे तुझ्या सात मेंढ्यांचं."

पंपवाला एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. लोक घ्यायला भांडतात हे त्यानं पाहिलं होतं. या दोघी द्यायला भांडत होत्या. तो कपाळावर हात मारून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला आणि मालकांना विळे घेऊन वाटेवर नेलं. त्यांनी आमच्या शेतात पाच ढांगा टाकल्या आणि खुंटी ठोकली. नदीपर्यंत तशाच खुंट्या ठोकत गेल्या. "एवढा कापा. गाडी जायची, तेवढी वाट मोकळी झाली पाहिजे."

मालक कळवळले. "आई, उभा गहू! आणि निम्मी वाट तर पंपवाल्यानं खाल्लीय. त्याचंही आपणच द्यायचं?"

"मेंढीला माहीत नसतं कोणत्या बाजूनं कुणी खाल्लं. तिला पाय ठेवायला जागा पाहिजे. तिच्या सात मेंढ्या मला विकत घेऊन देता येत नाहीत, मग हे तरी देते. त्याचं त्यानं बघावं."

"तो पाणी तोडेल."

"तोडू दे."

त्यांनी पहिली मूठ स्वतः कापली. चिकातल्या गव्हाला विळा लावणं म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या बाईलाच कळतं. कापलेल्या देठातून पांढरं पाणी येत होतं आणि आम्हा तिघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं. कळपवाली वाळूतून बघत होती. कापलेला हिरवा गहू आम्ही बांधावर रचला तेव्हा तिथून ओरडली, "मळेवाले, भुसा मिसळून घाल गं बाई!" सासूबाईंनी विळा उगारून दाखवला.

पंपवाल्यानं त्याच दिवशी इंजिनाच्या चाकाचा पट्टा काढून घरी नेला. आमच्या बाजूचा पाट कोरडा पडला. "वाट दाखवलीत ना त्यांना," तो मालकांना म्हणाला, "आता त्याच वाटेनं पाणीही येईल."

आम्ही घागरी घेतल्या. घरातली चार माणसं नदीतून पाणी आणत होतो आणि वाफ्यात ओतत होतो. माती ते गिळून कोरडीच्या कोरडी. एका सकाळीत तीन वाफे भिजले. माझे खांदे सोलवटले. सासूबाईंच्या तापल्या वाळूनं भाजलेल्या तळव्यांना फोड आले होते, तरी त्या घागर खाली ठेवत नव्हत्या. वारा कोरडा सुटला होता आणि गव्हाची पानं टोकापासून पिवळी पडत होती. आमचं वर्ष डोळ्यांदेखत वाळत होतं.

तेवढ्यात त्या नव्या वाटेनं घुंगरांचा आवाज आला. कळपवालीची सगळी गाढवं, पाठीवर कातड्याच्या पखाली, पाणी गळत गळत येत होती. मागं तिचे मुलगे, सुना, आणि वरच्या गावांनी हाकललेल्या दुसऱ्या दोन कळपांची माणसं. ती स्वतः पुढं, खांद्यावर पखाल.

सासूबाई आडव्या उभ्या राहिल्या. "तुला कुणी बोलावलं?"

"तुझ्यासाठी नाही आले. बाजूला हो." तिनं पखालीचं तोंड सोडलं आणि पाणी सऱ्यांमधून पळालं. "पोटातला गहू परत देता येत नाही. चिकातला देता येतो."

सासूबाईंनी घागर खाली ठेवली. मग त्यांनी बांधावरचं फावडं घेऊन वाफ्याचं तोंड फोडलं आणि पाण्याला वाट करून दिली.

तीन दिवस ते चाललं. नदीपासून मळ्यापर्यंत ओल्या पावलांचा पट्टा पडला. गावातल्या बायका आधी बघायला आल्या, मग त्यांतल्या काही घागरी घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी गाढवं बसायला लागली. अर्धा मळा भिजला, वरचा अर्धा राहिला. त्याहून जास्त कुणाच्यानं होणार नव्हतं.

त्या साली आसपासच्या गावांत काय झालं तेही सांगते. वाटा बंद झाल्या म्हणून कळप लांबून वळसा घालून गेले. त्यांच्या पालांत धान्य नव्हतं, पोरं पातळ पेज पिऊन झोपायची. गावांतल्या रानांना लेंडी मिळाली नाही, पुढच्या साली पीक निम्म्यावर आलं, आणि बाजारात धान्याच्या दुकानापुढं शेतकरीच पिशव्या घेऊन उभे राहिलेले मी पाहिले. आमची वाट मोकळी होती म्हणून तीन कळप आमच्याकडं थांबले. आमच्या रानाची माती त्या साली जी काळी झाली, ती माझ्या नातवांपर्यंत पुरली. पण ते पुढचं.

गहू निघाला तेव्हा भिजलेल्या अर्ध्याचा दाणा टपोरा, सोन्यासारखा आला. वरच्या अर्ध्याचा दाणा चिमलेला, हातात घेतला तर वजनच लागू नये. खळ्यात दोन राशी पडल्या. मेंढ्या रानात बसून झाल्या होत्या आणि कळपवाली माप न्यायला आली. नेहमीच्या जागी गडग्यापाशी उभी राहिली.

सासूबाईंनी माप टपोऱ्या राशीत घातलं.

"त्यातलं नको," कळपवाली म्हणाली. "त्या राशीतलं दे. यंदा फुकट बसवते म्हणाले होते मी, तरी तू माप काढलंस. मग चिमलेला चालेल मला."

"मी काढलेलं माप आहे, कुठल्या राशीत घालायचं ते मी ठरवते. चिमलेला आम्ही खाऊ."

"तुझ्या घरात उद्या पाळणा हलायचाय. सुनेला काय टरफलं घालणार?"

मी लाजून खाली पाहिलं. मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, तिनं माझ्या चालण्यावरून ओळखलं होतं.

"आणि तुझ्या धाकट्याचं मनगट भरून यायचंय, त्याला काय घालशील? वारा?"

"मळेवाले, उपकार नको मला."

"मलाही नकोत."

खळ्यातली सगळी माणसं थांबली. वारा भुसा उडवत होता. मग सासूबाईंनी माप खाली ठेवलं, भिंतीला टेकवलेलं लाकडी फावडं घेतलं आणि चिमलेली रास टपोऱ्या राशीवर ओढायला सुरुवात केली. मालक "आई, आई" करत पुढं झाले, त्यांना त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. कळपवालीनं पदर खोचला. मग गडगा ओलांडून आत आली, खाली बसली, दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात घातले आणि खालचा वर, वरचा खाली करू लागली. दोघींनी मिळून रास अशी मिसळली की कुणाच्या बापाला दाणे निवडता आले नसते.

सासूबाईंनी घाम पुसला, माप उचललं आणि भरलं. वर शीग लावली. एकही दाणा सांडला नाही.

"घे," त्या म्हणाल्या. "एक."